खात्यात पैसे कुणी घातले?

१

चोरी झाली असती तर बरं झालं असतं. चोरी झाली की चार लोक जमतात, कुणीतरी पाणी आणून देतं, 'हल्ली दिवसच वाईट' असं म्हणतात. माझं उलटं झालं होतं. माझ्या खात्यात पैसे वाढले होते, आणि हे सांगून रडायचं कुणाजवळ?

सोमवारी दुपारची सुट्टी होती. मी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम करतो. चादरी, टॉवेल, वेटरांचे कोट, सगळं माझ्या वाफेच्या प्रेसखालून जातं. घड्या घालायच्या टेबलाशी उभा राहून मी बँकेतून आणलेला सहा महिन्यांचा उतारा वाचत होतो. व्हिसासाठी हवा होता. बायको तिकडे मायदेशी, मी इकडे परदेशात, आणि मध्ये व्हिसाची कचेरी. त्या कचेरीला पटवून द्यायचं होतं की मी तिला पोसू शकतो.

नियम सरळ होता. पगाराची पावती एक आकडा सांगणार, बँकेचा उतारा तोच आकडा सांगणार. दोघांचं भांडण नसलं की झालं काम. माझा पगार पुरेसा होता. थाटाचा नव्हता, पण नियमाला पुरून उरेल इतका होता. घाई एवढ्याचसाठी की बायकोला सातवा लागलेला. तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "महिन्याभरात निघालात तर निघालात. नंतर तुम्हाला कुणी विमानात बसू देणार नाही." म्हणजे शुक्रवारी अर्ज गेला आणि पहिल्या फटक्यात पास झाला, तर बाळ माझ्यासमोर जन्माला येणार. नाहीतर मी बाप झालो ही बातमी मला फोनवर कळणार.

उताऱ्यात पगार होते. किराणा होता. मग दोन ओळी अशा आल्या की मी चष्मा पुसला.

'रोख भरणा, यंत्राद्वारे.'

एक मागच्या मंगळवारची, एक त्याच्या आधीच्या. रक्कमही धड गोल नव्हती. मी बँकेत रोख भरायला आयुष्यात कधी गेलेलो नाही, कारण माझ्याकडे रोख उरतच नाही.

"काय रे, तोंड का पडलंय?" शेजारच्या टेबलावरून कॉलर म्हणाला. तो दिवसभर शर्टांच्या कॉलर दाबतो, म्हणून कॉलर. "आणि शर्ट बघ स्वतःचा. इस्त्रीवाला, आणि अंगावर सुरकुत्या. डॉक्टर खोकतोय तसं झालं हे."

शर्टाचं त्याचं खरं होतं. पंधरा दिवस झाले, घरी इस्त्री फिरवली तरी शर्ट सरळ होत नव्हता. पण तेव्हा मला शर्टाची पडलेली नव्हती.

कुणीतरी माझ्या खात्यात पैसे ठेवून गेलं होतं. न सांगता. दोनदा.

२

सल्लागारबाईंचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या खाली होतं. वर ड्रिल सुरू झालं की बाई बोलायच्या थांबत, आणि थांबायच्या नेमक्या वाईट वाक्याच्या मध्यावर.

मंगळवारी सकाळी रजा टाकून मी त्यांच्यासमोर उतारा ठेवला. त्यांनी त्या दोन ओळींवर पेन्सिल टेकवली.

"हे कुठून आले?"

"माहीत नाही."

"हे उत्तर लिहून देणार आहात?"

"मग काय लिहू?"

"हे बघा. तुमचा पगार पुरतोय. एक दमडी जास्त नको होती. पण अर्जाच्या तोंडावर अशी रोख आली की ते म्हणतात, उसनी आणून दाखवली. म्हणजे फसवणूक. फसवणूक ठरली की नुसता नकार येत नाही. मग कितीतरी वर्षं..."

वर ड्रिल सुरू झालं. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. दात दुसऱ्याचा, कळ माझी.

"...तिला येताच येत नाही," ड्रिल थांबल्यावर बाई म्हणाल्या.

"म्हणजे बंदी?"

"हो. आधी कळू दे कुणी घातले ते. त्या माणसाकडून सहीनिशी पत्र आणा, पैसे कुठले, का दिले. सरळ कारण असेल तर चालतं. आपल्याला जास्त नकोय, आपल्याला सरळ हवंय. शुक्रवारच्या आत."

"पण असं कोण करेल? माझं वाईट चिंतणारा..."

"वाईट चिंतणारा पैसे काढतो हो. घालत नाही." बाई जरा थांबल्या. "निदान माझ्या अनुभवात."

ते 'निदान' मला आवडलं नाही. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बँकेचा निरोप होता. रविवारीच मी निरोपांची सोय सुरू केली होती, पगार आला की कळावा म्हणून.

'आपल्या खात्यात रोख जमा.'

या वेळची रक्कम आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी होती. म्हणजे मी इथे बसलो होतो आणि आत्ता, या क्षणी, गावात कुठेतरी एका मशीनसमोर तो उभा होता.

३

"पहिला संशय तुझ्यावरच," बायको म्हणाली.

व्हिडिओवर ती उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. ती लग्नाआधी एका मोठ्या दुकानात परतीच्या काउंटरवर होती. लोक महिनाभर घातलेले बूट आणून 'मापच चुकलं' म्हणतात, त्यांच्याशी आठ तास बोलायचं हे तिचं काम. त्यामुळे खोटं तिला वासानेच कळतं. तिच्यासमोर मी लग्नात 'तुझ्या हातचं सगळं आवडतं' म्हणालो होतो, तेव्हाही ती हसली होती.

"मी? मी कशाला घालू?"

"घाबरून. तुझं डोकं घाबरलं की चालायचं थांबतं. कॅमेऱ्याकडे बघ. कुणाकडून उसने घेतलेस?"

"नाही गं. शपथ."

ती बघत राहिली.  मी काही केलेलं नव्हतं, आणि तरी मला वाटायला लागलं की झोपेत उठून मीच तर नाही ना गेलो मशीनकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तू नाहीस. तू असतास तर एव्हाना रडला असतास. आता नंबर कुणाकुणाला माहीत आहे ते सांग."

सगळ्यांनाच माहीत होता. मी आत्याच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहतो, आणि माझी व्हिसाची फाईल जेवायच्या टेबलावर असते. तिच्यावर चहाच्या कपाचे गोल आहेत. गेल्या महिन्यात मी त्याच टेबलावर बसून म्हणालोही होतो, "खात्यात थोडे जास्त दिसले असते तर बरं वाटलं असतं." तेव्हा आत्या होती, काका होते, आणि कॉलर चहा प्यायला आला होता.

"कॉलरला दे फोन."

तिसऱ्या प्रहरी मी कामावर गेलो आणि कॉलरला वाफेच्या नळामागे नेऊन फोन हातात दिला.

"वहिनी, मी कशाला खोटं बोलू," कॉलर म्हणाला. "मी विचारलं होतं याला. म्हटलं, पंधरा दिवसांसाठी देतो थोडे, खातं जरा फुगव. हा इतका घाबरला की हातातला टॉवेल तसाच प्रेसमध्ये गेला. त्याचा पापड झाला. मुकादमाने पैसे कापले ते माझे."

"मग दिले नाहीत?"

"हा नको म्हणाला, आणि खरं सांगू, माझ्याकडेही नव्हते. मी नुसतं म्हणून बघितलं होतं. मित्रांमध्ये म्हणावं लागतं."

बायको हसली. "हा खरा आहे," मला म्हणाली. "आणि एक लक्षात घे. मदत म्हणून देणारा माणूस गोल आकडा देतो. हे आकडे गोल नाहीत. हे पैसे कुणी ठरवून काढलेले नाहीत, कुठेतरी साठलेले आहेत."

"कुठे?"

"ते मला काय माहीत? पण साठवणारा माणूस घरातला असतो. जा घरी. आणि चेहरा नीट ठेव, आत्ता तू चोरासारखा दिसतोयस."

४

घरी शिरलो तर काका जिन्यात उभे. आत्याचे हे यजमान म्हणजे गुंतवणुकीचा एक चालता-बोलता इशारा. गेल्या वर्षी त्यांनी उंदीर पळवणारं एक मशीन घेतलं होतं. त्यातून म्हणे असा आवाज निघतो जो फक्त उंदरांना ऐकू येतो. उंदीर नव्हतेच घरात. मशीन लावल्यावर दोन आले. समोरच्यांचा कुत्राही त्यापुढे येऊन बसायला लागला. तेव्हापासून घरातले पैसे आत्याच्या हातात, आणि काकांच्या हातात ते मशीन, जे बैठकीच्या कोपऱ्यात टेबललॅम्पसारखं उभं असतं.

"भाचेबुवा," काका कुजबुजले, "बँकेतून काही आलं का?"

 त्या भरण्यांबद्दल मी घरी एक शब्द बोललो नव्हतो.

"कशाबद्दल विचारताय?"

"नाही, सहज." असं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला. त्याबरोबर एक चिठोरी खाली पडली. मी उचलली. त्यावर काकांच्या तिरक्या अक्षरात माझा खाते क्रमांक होता.

मी बायकोला फोन लावला आणि कॅमेरा काकांकडे धरला. पायऱ्यांवर आम्ही तिघं, म्हणजे दोन जिन्यात आणि एक उशांवर.

"काका, नमस्कार करते. नंबर कशाला हवा होता?"

काकांनी वर आत्याच्या दाराकडे बघितलं. मग ताठ झाले. "सूनबाई, लपवायचं काय त्यात? ते पैसे माझे आहेत."

 सुटलो की बुडालो ते कळेना.

"तुमचे कसे?" बायको शांतपणे म्हणाली.

"त्या उंदराच्या कंपनीला मी मशीन परत घ्या म्हणून लिहिलं होतं. पैसे पाठवायला खातं मागितलं. माझ्या खात्यावर तुझ्या आत्यासासूची नजर. म्हणून याचा नंबर दिला. आले ना? मला वाटलंच, कंपनी चांगली आहे."

"काका, मशीन परत पाठवलंत?"

"अजून नाही. ते म्हणाले, विचार करून कळवतो."

"मग मशीन तुमच्याकडे असताना ते पैसे कशाला देतील? आणि दिलेच तर कंपनी आपल्या नावाने पाठवेल. तुमच्या गावात येऊन, भरण्याच्या मशीनसमोर उभी राहून नोटा कोंबणार नाही."

काकांचा चेहरा पडला. इतका, की मला माझी भीती क्षणभर विसरून त्यांना धरावंसं वाटलं.

"म्हणजे नाही आले?"

"नाही."

"हे तिला सांगू नका," काका म्हणाले. त्यांनी कंबर धरली आणि खालच्या पायरीवर बसले. "पाठ फार दुखते रे. पंधरवड्यात एकदा तरी शेकायला मिळालं असतं तर... पण घरातली गरम पाण्याची पिशवी म्हणे गळते. वर्ष होत आलं, गळतेच आहे. बाथरूममध्ये लटकलेली असते, हात लावू देत नाही."

फोनमध्ये बायको उशांवरून एकदम सरळ बसली.

"काय झालं?" मी विचारलं. "दुखतंय का?"

"नाही. गळणारी पिशवी माणूस वर्षभर का टांगून ठेवतो, त्याचा विचार करतेय."

५

आत्या स्वयंपाकघरात होती. माझी आत्या म्हणजे घरातला दिवा दोनदा लावला तर तिसऱ्यांदा कारण विचारणारी बाई. मंगळवारी सकाळी गुडघ्यांच्या व्यायामाला जाणार म्हणजे जाणार. भाडं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, रोख, मोजून. मी सख्खा भाचा, तरी हातात पावती द्यायची. "नातं नात्याच्या जागी," म्हणायची, "आणि तुला त्या व्हिसावाल्यांना घर दाखवायचंय ना? मग पावती घे आणि गप्प बस."

फोन मी मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला.  या घरात मला वर्ष होत आलं होतं, आणि आता मी माझ्याच आत्याची उलटतपासणी बघणार होतो.

"कशी आहेस गं?" आत्या म्हणाली. "पाय सुजलेत का?"

"जरासे. आत्या, एक विचारू? ह्यांच्या खात्याबद्दल तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"मला?" आत्याने गॅस बारीक केला. "मला त्या मशीनचं काय कळतंय? गुंडाळलेली नोट घातली की थुंकून टाकतं मेलं बाहेर."



"आत्या," बायको हळूच म्हणाली, "मशीनचं नाव मी काढलं नव्हतं."

आत्याने भांड्याचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

"काउंटरवर माझं एकच सूत्र होतं. बूट परत आणणारा माणूस मी विचारायच्या आधी 'पावसात घातलेच नाहीत' म्हणाला, की समजायचं, पावसात घातलेत. आणि गुंडाळलेल्या नोटा कुणाच्या असतात? ज्याने त्या कशाच्या तरी अरुंद तोंडातून आत सारल्यात त्याच्या. अहो, इस्त्री आणता का जरा?"

'अहो' ती मला फक्त आत्यासमोर म्हणते. मी धावत इस्त्री आणली.

"बटण कुठे आहे?"

मी बघितलं, आणि मला माझ्या धंद्याची लाज वाटली. रोज सकाळी मी ती इस्त्री हातात घेत होतो. "रेशमावर."

"तुमच्या घरात रेशीम कुणाचं आहे?"

कुणाचंच नव्हतं. कॉलर ज्यावरून मला चिडवत होता त्या सुरकुत्या तिथून आल्या होत्या. सुती शर्ट, आणि इस्त्री रेशमावर.

"मशीनने नोटा थुंकल्या," बायको म्हणाली. "मग कुणीतरी त्या घरी आणल्या, सरळ करायला. जोरात तापवली तर करपतील, म्हणून बटण रेशमावर. एकदम सगळ्या सरळ होईनात, म्हणून तीन खेपा. तिन्ही मंगळवारी, कारण त्या दिवशी सकाळी तुम्ही गुडघ्यांच्या व्यायामाला एकट्या बाहेर पडता. आता शेवटचं. अहो, तुम्ही दर महिन्याला भाड्यासाठी किती काढता?"

मी आकडा सांगितला. सांगता सांगताच माझं मला कळलं. पहिला भरणा दोन महिन्यांच्या भाड्याइतका. दुसरा तीन. आजचा पाच. उताऱ्यात दोन ओळी वर हाच आकडा बाहेर जाताना छापलेला होता आणि मी तो दोन दिवस बघत होतो. भीतीला गुणाकार येत नाही.

आत्याने ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला फडका काढून डोळ्यांना लावला. "कांदा चिरत होते," ती म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

६

"तुझेच आहेत ते," आत्या म्हणाली. "मी काय भाच्याकडून भाडं खाणार होते? पण न घेता ठेवलं असतं तर तू उडवले असतेस. आणि घेऊन बँकेत टाकले असते तर ह्यांना दिसले असते. दिसले की उंदीर नाहीतर घुशी. म्हणून त्या गरम पाण्याच्या पिशवीत. तू त्या दिवशी टेबलावर म्हणालास, खात्यात जास्त दिसले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, मुकाट्याने घालावेत. तू खूश होशील."

"आत्या, त्यामुळे तिला कायमचं अडवतील."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं मी तिला ओळखतो. ती घाबरते हे मला त्या दिवशी कळलं.

"माझ्यामुळे?"

"पत्र दिलंत तर काही होणार नाही," बायको घाईने म्हणाली. "फक्त लिहायचं, भाडं घेतलं होतं, ते परत केलं. पावत्या आहेत, उताऱ्यात काढल्याच्या नोंदी आहेत. सरळ आहे सगळं."

मी सल्लागारबाईंना फोन लावला. पलीकडे ड्रिल चालू होतं. ते थांबल्यावर बाई म्हणाल्या, "उत्तम. पण भाडेकरारावर घर दोघांच्या नावावर आहे. पत्रावर सही दोघांची लागेल."

दोघांची. आत्याने गॅसच बंद केला.

"ह्यांना कळलं तर," ती म्हणाली, "दहा महिने ह्यांच्यापासून लपवून ठेवले... बायको म्हणून तोंड कसं दाखवू? आणि एकदा कळलं की घरात पैसे असतात, तर हे पुढचं मशीन आणतील."

"मग नको देऊ," मी म्हणालो. हे मी कसं म्हणालो मला माहीत नाही. बाळाचा पहिला आवाज मला आत्ताच ऐकू येत होता, फोनमधून येणारा, चिरका.

आत्याने फोनकडे बघितलं.  पडद्यावर बायकोने पोटावर हात ठेवला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तपास नव्हता. भीती होती. माझ्यासारखीच.

आत्याने पत्र लिहिलं. मग ती स्वतः ते घेऊन बैठकीत गेली आणि काकांसमोर ठेवलं. मी दाराआड उभा राहिलो, फोन छातीशी धरून.

काकांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला. कोपऱ्यात उंदराचं मशीन कुणालाच ऐकू न येणारा आवाज काढत होतं, आणि मला वाटलं, तो मला ऐकू येतोय.

"म्हणजे," काका म्हणाले, "ती पिशवी गळत नव्हती."

"नाही," आत्या म्हणाली.

"वर्षभर माझी पाठ दुखत होती."

"हो."

काकांनी चष्मा पुन्हा घातला. मी मनातल्या मनात विमान उडताना बघत होतो, तिच्याशिवाय.

"पेन दे," काका म्हणाले. सही करून त्यांनी कागद सरकवला, आणि मान वर न करता म्हणाले, "माझ्यापासून लपवावं लागलं तुला, हे काही बरं नाही." मग जरा थांबून, "लपवलंस हे बरं केलंस. आणि आता पाणी तापव."

७

अर्ज शुक्रवारी गेला. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या प्रेसला विचारा. एका वेटरच्या कोटाला मी तीन बाह्यांची घडी घातली. निकाल आला तो पाकिटात नाही, फोनवर आला, आणि तो उघडायला मी कॉलरला सांगितलं. त्याने वाचलं, आणि 'पास' म्हणत माझा शर्ट धरून ओढला. शर्ट सरळ होता त्या दिवशी. मी सुतीवर इस्त्री केली होती.

आठवड्याभरात बायको विमानतळाच्या दारातून बाहेर आली. आधी पोट आलं, मग ती. मी काही बोलायला तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. ती म्हणाली, "घाबरू नकोस, मी आहे," आणि मग मी तिथेच, सामानाच्या गाडीला धरून, जो काही आवाज काढला तो तिच्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

घरी आत्याने तिची दृष्ट काढल्यासारखं बघून घेतलं आणि लगेच सांगितलं की बाथरूमचा दिवा विसरू नको. काका आतल्या खोलीत पिशवी पाठीला लावून पडले होते.

बायको आमच्या खोलीकडे जाता जाता इस्त्रीच्या टेबलापाशी थांबली. काउंटरवरच्या सवयीने. बटण बघितलं. मग इस्त्रीच्या तळाजवळ हात नेला.

"गरम आहे," ती म्हणाली. "आणि रेशमावर."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. "आत्या?"

"आत्या एकदा पकडल्या गेल्यात. आता त्या बटण आठवणीने फिरवून ठेवतील. हा कुणीतरी नवशिका आहे." तिने बैठकीकडे मान वळवली. कोपऱ्यात, जिथे टेबललॅम्पसारखं काहीतरी उभं असायचं, तिथे भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला होता. बाजूला टेबलावर एक लिफाफा, त्यावर तिरक्या अक्षरात 'बाळासाठी'.

तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मशीनबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो.

"आणि हे बघा," आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "मी काही ते उंदराचं मशीन विकलेलं नाही."